डेन्व्हरला नुसतं नशीब कसं म्हणता?

वर कोणीतरी म्हणलंय की २०२४ चं अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीचं टायटल डेन्व्हर युनिव्हर्सिटीला नशिबानं मिळालं, अहो नशीब एखादी मॅच देतं, चार नाही! मॅसॅच्युसेट्स, कॉर्नेल, बॉस्टन युनिव्हर्सिटी तिघांनाही २-१ नेच हरवलं, त्यातल्या दोन ओव्हरटाइममध्ये, आणि मग फायनलला बॉस्टन कॉलेज २-०, म्हणजे अख्ख्या टूर्नामेंटमध्ये तीनच गोल खाल्ले. डेन्व्हरचा गोलकीपर मॅट डेव्हिसने फायनलला ३५ शॉट अडवले, समोर बॉस्टन कॉलेजचे गोतिए, विल स्मिथ वगैरे सगळी एनएचएलच्या (तिकडची प्रो आइस हॉकी लीग) वाटेवरची पोरं, तरी भोपळा. हां, सीझनभर बॉस्टन कॉलेज भारी होतं हे मान्य, पण इथे बेस्ट ऑफ सेव्हन (सातातल्या चार मॅच जिंकायच्या) नसतं ना, एक हरलात की घरी. बाकी हे डेन्व्हरचं दहावं टायटल, मिशिगनची नऊच, आमचा मिशिगनवाला मित्र तेव्हापासून गप्प आहे :)