हृदयरोग संशोधकाची सायटेशनं: आकडा किती खरा धरायचा?

अलिंद: निवडीसाठी संशोधकाची प्रोफाइल उघडली की लोक आधी एच-इंडेक्स बघतात, म्हणजे लेख आणि त्यांची सायटेशनं (इतरांच्या लेखांत आलेले त्यांचे संदर्भ) यांवरून काढलेला आकडा. हृदयरोगाच्या क्षेत्रात तो आकडा जवळपास निरुपयोगी आहे. गाईडलाईन (उपचारांच्या अधिकृत शिफारशी) ठरवणाऱ्या समितीत नाव असलं की एकेका दस्तऐवजाला हजारो सायटेशनं मिळतात, त्यात स्वतःचा अभ्यास शून्य असला तरी. चाळीस लेखकांत सत्ताविसाव्या जागी असलेल्यालाही पूर्ण श्रेय. गाईडलाईन आणि आकडेवारीचे अहवाल बाजूला काढा, उरलेल्यांत पहिला (बहुधा मुख्य काम करणारा) किंवा शेवटचा (बहुधा गटप्रमुख) लेखक म्हणून काय आहे तेवढंच मोजा.

लेखाजोखा: असहमत, गणितातच गफलत आहे. हर्श यांनी २००५ साली मांडलेला एच-इंडेक्स ४० असणं म्हणजे किमान ४० सायटेशनं असलेले ४० लेख. त्यात ५००० सायटेशनांची गाईडलाईन आणि ४१ सायटेशनांचा लेख सारख्याच वजनाचे. एक गाईडलाईन एच फार तर एकाने वाढवते. फुगते ती एकूण बेरीज. राग काढायचाच तर बेरजेवर काढा.

अलिंद: एकाने, कबूल. पण असे दस्तऐवज एकटे येत नाहीत. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा हृदयविकार आणि पक्षाघाताच्या आकडेवारीचा अहवाल 'सर्क्युलेशन'मध्ये दरवर्षी येतो आणि दरवर्षी वेगळा लेख म्हणून मोजला जातो. बारा वर्षं लेखकगटात राहिलं की बारा लेख तिथेच झाले. २०१८ ची युरोपीय रक्तदाब गाईडलाईन तर 'युरोपियन हार्ट जर्नल' आणि 'जर्नल ऑफ हायपरटेन्शन' दोन्हीकडे छापली गेली. मजकूर एक, नोंदी दोन.

झडप: पहिला-शेवटचा हा निकषही लंगडा आहे. रुग्णांवरच्या उपचार-चाचणीचा संख्याशास्त्रज्ञ बहुधा लेखकांच्या मधल्या रांगेत असतो, आणि नमुना-संख्या (किती रुग्ण घ्यायचे) चुकली तर अख्खी चाचणी वाया जाते ती त्याच्याच कामामुळे. १९८८ ची आयसिस-२ चाचणी घ्या: १७,१८७ रुग्ण, हार्ट अटॅकमध्ये ऍस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज (रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध). लेखकाच्या जागी गटाचं नाव. उपचारपद्धती बदलून टाकणारं काम, पण सहभागी डॉक्टरांच्या वैयक्तिक खात्यात जमा काही नाही.

लेखाजोखा: म्हणूनच आकडा टाकून न देता नीट काढावा. आधी ऑर्किडच्या (संशोधकांची ओळख-नोंदणी) १६ अंकी क्रमांकावरून लेखांची यादी घ्या, कारण आडनाव आणि आद्याक्षर सारखं असलं की स्कोपस हा सायटेशनांचा डेटाबेस दोन माणसं एकत्र करतं किंवा एकाचीच दोन खाती पाडतं. मग स्व-सायटेशनं (लेखकांनी स्वतःच्याच लेखांना दिलेली) वगळा. तिथे 'सर्व लेखकांची' हा पर्याय निवडायचा, नुसती त्या व्यक्तीची वगळली तर सहलेखकांनी एकमेकांना दिलेली तशीच राहतात. गुगल स्कॉलरचा आकडा स्कोपसशेजारी ठेवू नका. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञ-तपासणीआधी टाकलेले लेख) धरतं, त्यामुळे तो बहुतेक वेळा मोठाच दिसतो.

नाडी: एवढं करूनही सायटेशन म्हणजे 'वाचलं गेलं', 'बरोबर आहे' नव्हे. रॉटरडॅमच्या डिक्रीझ चाचण्या आठवा. शस्त्रक्रियेआधी बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं) सुरू करण्याच्या युरोपीय शिफारशीला त्यांचा मोठा आधार होता, आणि त्या गाईडलाईन समितीचा प्रमुखही तोच संशोधक. २०११ मध्ये सचोटीच्या चौकशीनंतर तो बडतर्फ झाला. पुढे विश्वासार्ह ९ चाचण्या एकत्र केल्या, तर बीटा-ब्लॉकर दिलेल्यांत ३० दिवसांतला मृत्यूचा धोका २७ टक्के जास्त निघाला. सायटेशनं मात्र भरपूर! शिवाय लेख मागे घेतला तरी आधीची सायटेशनं खात्यातून वजा होत नाहीत. म्हणून आकडे सोडा, काम वाचा.

लेखाजोखा: हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ते लेख तज्ज्ञांनी वाचले होते, समितीने वाचले होते. विदाच (डेटाच) खोटा असेल तर नुसत्या वाचनाने काय कळणार? आणि आकडे काढून घेतले की निवड समितीच्या हाती उरते ती ओळखपाळख.

नाडी: वाचायचं कुठे, हा प्रश्न आहे. लेखाआधी नोंदणी वाचा. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी रुग्ण भरती करण्याआधी चाचणीची नोंदणी सक्तीची केली. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर जुन्या आवृत्त्याही दिसतात. मुख्य निष्कर्षबिंदू (चाचणीचं यश ज्यावर मोजायचं ते) तेव्हा काय लिहिला होता आणि छापताना काय झाला, हे ताडून बघा. 'मृत्यू'चा पुढे 'मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणं' झाला असेल, तर बदलाची तारीख बघा. विदा उघडण्याआधीची असेल तर ठीक, नंतरची असेल तर लेखकाकडे कारण मागा.

झडप: +१. पाचच लेख निवडून हे करा, सगळे नकोत. पण कोणते पाच हे उमेदवाराला ठरवू देऊ नका.

अलिंद: इथे मात्र उलट मत. त्यालाच निवडू द्या, आणि प्रत्येकापुढे स्वतः काय केलं ते दोन ओळींत लिहायला लावा. मधल्या रांगेतला संख्याशास्त्रज्ञही तिथे दिसेल.