सूनबाईच्या आजीचं बायबल, तीन यान आणि समोरासमोरची दोन चर्चं

विहीणबाई_नाशिककर (धागाकर्ती)

मुलगा ग्रँड रॅपिड्सला असतो, सूनबाई तिथून जवळच्या झीलंड गावची. मूळचे डच, पण पाच-सहा पिढ्या मिशिगनमध्येच. यंदा मुक्काम लांबल्यामुळे व्याह्यांकडे जाणंयेणं वाढलंय. माणसं सरळ, कष्टाळू, आणि काटकसर अशी की आमच्या कोकणस्थांनी शिकवणी लावावी.

रविवारी चर्चहून आल्यावर त्यांच्याकडे जेवायला होतो. बटाटे आदल्या रात्रीच सोलून पाण्यात ठेवलेले, कारण रविवारी जमेल तेवढं काम टाळायचं. जेवण झालं तरी कोणी उठेना. व्याह्यांनी बायबल काढून एक अध्याय वाचला, प्रार्थना झाली, मगच खुर्च्या सरकल्या. पाच वर्षांचा नातूसुद्धा चुळबुळ न करता बसला होता. आमच्याकडे आरतीला प्रसादाचं ताट समोर असूनही हे जमत नाही!

नंतर सूनबाईच्या आजीने पितळी कड्यांचं जुनं डच बायबल दाखवलं. पहिल्या पानांवर घरातले जन्म-मृत्यू लिहिलेत. एकाच आईबापांच्या मुलांत "यान" हे नाव तीनदा आहे. पहिले दोन तान्हेपणीच गेले. गेलेल्या मुलाचं नाव पुन्हा ठेवायचं? आपल्याकडे कोणी धजावणार नाही.

दुसरं म्हणजे, गावात एकाच पंथाची वाटणारी दोन चर्चं समोरासमोर. आजी एकात जाते. तिची धाकटी बहीण लग्नानंतर दुसऱ्यात गेली, तर कित्येक वर्षं दोन्ही घरांत ख्रिसमसचं जेवण एकत्र झालं नाही. देव तोच, पुस्तक तेच, धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरी तीच. मग भांडण कशाचं? आजीला विचारलं तर तिने हातावर पेपरमिंट ठेवलं आणि विषय बदलला.

तिसरा प्रश्न, व्याही म्हणतात पूर्वज धर्मासाठी आले. सूनबाईचे काका म्हणतात पोटासाठी. खरं काय?

बटाटेवडा

काका बरोबर. १८४५ साली युरोपभर बटाट्यावर करपा पडला. नेदरलँड्समधला गरीब माणूस बटाट्यावरच जगत होता. दोन वर्षं पीक गेलं आणि १८४६-४७ मध्ये हे लोक जहाजात बसले. उपासमार झाली की देव आपोआप पश्चिमेला बोलावतो. धर्माचा साज नंतर चढवलेला.

जुना_हॉलंडकर

विहीणबाई, मी हॉलंड, मिशिगनमध्येच राहतो. ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीत उभी हयात गेली, साहेबापासून फोरमनपर्यंत सगळे याच लोकांतले. लांबेल, पण लिहितो.

आधी यान. त्यांच्याकडे नाव मुलाचं नसतं, आजोबांचं असतं. थोरला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, पुढचा आईच्या बापाचं. मुलींत बहुधा आईच्या आईपासून सुरुवात. प्रांताप्रांतात थोडा फरक. मूल गेलं तरी आजोबांचं देणं फिटलेलं नसतं, म्हणून पुढच्या मुलाला तेच नाव. बायको वारली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर नव्या संसारातल्या पहिल्या मुलीला पहिलीचं नाव देत, आणि नवी बायको ते मान्य करी. तुमच्या त्या पानावर कोण कोणाच्या नावाने आहे हे लावून बघा, अख्खी वंशावळ उलगडेल. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतातच, मग सुनेला सासऱ्यांचं नाव घेता येत नाही म्हणून पोराचा "बाळू" होतो.

आता बटाटेवडा यांचं. करपा खराच. पण करपा सगळ्यांच्या शेतावर पडला, आणि सगळे काही पाळकासकट (म्हणजे चर्चच्या धर्मगुरूसकट), चर्चच्या अख्ख्या मंडळ्या उचलून निघाले नाहीत. मागची गोष्ट बघा. १८१६ मध्ये राजा पहिला विलेम याने चर्चची घडी सरकारी खात्यासारखी बसवली. ग्रोनिंगेन प्रांतातल्या उल्रुम गावचा पाळक हेन्ड्रिक द कॉक जुन्या शिकवणीचा. आसपासच्या गावांतल्या लोकांचा आपल्या पाळकांवर विश्वास उरला नव्हता, ते बाळं घेऊन याच्याकडे बाप्तिस्म्याला येऊ लागले. दुसऱ्याच्या हद्दीतल्या बाळांना बाप्तिस्मा दिला म्हणून १८३३ मध्ये त्याला निलंबित केलं, आणि ऑक्टोबर १८३४ मध्ये त्याची मंडळी सरकारी चर्चमधून बाहेर पडली. म्हणजे बाळाच्या डोक्यावर पाणी कोणी घालायचं यावरून ठिणगी पडली.

मग छळ. परवानगीशिवाय वीसपेक्षा जास्त लोकांनी जमायचं नाही, हा नेपोलियनच्या काळातला कायदा यांच्यावर लावला. दंड झाले, पाळक तुरुंगात गेले, घरांत शिपाई आणून बसवले आणि त्यांना यांनीच खाऊ घालायचं. हे १८४० नंतर, नवा राजा आल्यावर, पुष्कळ सैल झालं. म्हणूनच "छळामुळे आले" हे वाक्य अर्धंच. मला विचाराल तर ती माणसं मुलांसाठी निघाली. आपल्या धर्माची शाळा काढायला तिथे परवानगी मिळत नसे. एकीकडे पोरांना सरकारी शाळेत घालायचं, दुसरीकडे त्याच पोरांना खायला पुरत नाही. पोट आणि देव हे दोन्ही प्रश्न एकाच पोरापाशी येऊन थांबत होते. आजही गावातली त्यांची वेगळी ख्रिस्ती शाळा बघा, फी भरताना आईबाप मेटाकुटीला येतात, पण भरतात.

आणि हे सगळं नात्यागोत्यात चाललेलं. फुटून निघालेल्या पाळकांपैकी व्हान राल्टे, ब्रुमेलकाम्प आणि व्हान वेल्झेन हे तिघेही दे मोन घराण्याचे जावई. चक्क साडू! मेहुणाही पुढे पाळक झाला. १८४६ मध्ये दोन साडूंनी, राल्टे आणि ब्रुमेलकाम्पने, देशांतर का करावं यावर पुस्तिका लिहिली. राल्टे बायकापोरांसह "साउदर्नर" जहाजातून नोव्हेंबरात न्यूयॉर्कला उतरला, ब्रुमेलकाम्प मागेच राहिला. १८४७ च्या फेब्रुवारीत राल्टेने आमच्या या तळ्याकाठच्या जंगलात वस्ती धरली. इथे आधीपासून ओडावा हे मूळ अमेरिकन लोक होते, त्यांच्यासाठीचं ख्रिस्ती मिशन होतं. दोन वर्षांत ते उत्तरेला निघून गेले. ट्युलिपच्या जत्रेत हे फारसं कोणी सांगत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात दलदलीच्या तापाने माणसं पटापट गेली. आईबाप गेलेल्या पोरांसाठी अनाथालय बांधायला घेतलं, पण त्याआधीच पोरं घराघरांनी वाटून घेतली. सगळे गरीब, घरात आधीच खाणारी तोंडं, तरी घेतली. या लोकांबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत (कारखान्यात वीस वर्षं "तू कुठल्या चर्चचा?" हा पहिला प्रश्न ऐकलाय), पण हे वाचल्यापासून जरा हात आखडता घेतो.

आता समोरासमोरची चर्चं. १८५० मध्ये राल्टेने इथल्या मंडळ्या पूर्वेकडच्या जुन्या डच चर्चमध्ये विलीन केल्या. न्यूयॉर्क डचांचं होतं तेव्हापासूनचं ते चर्च, आज रिफॉर्म्ड चर्च म्हणतात ते. १८५७ मध्ये चार मंडळ्या बाहेर पडल्या, त्यातली एक ग्राफस्खाप, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. त्यांच्या तक्रारी अशा: तिकडे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेबाहेरची नवी गीतं गातात, प्रश्नोत्तरीवर नेमाने प्रवचन होत नाही, प्रभुभोजनाला (भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला) कोणालाही बसवतात. यातूनच ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च. तुमची आजी बहुधा यात, आणि बहीण रिफॉर्म्डमध्ये. तुमच्या मुलाला विचारून खात्री करा. पुढे १८८० च्या सुमारास फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या लोकांना सभासद ठेवायचं की नाही यावर पुन्हा फाटाफूट झाली, आणि राल्टेचं स्वतःचं खांबांचं चर्च, १८५६ चं, १८७१ च्या आगीत जवळजवळ अख्खं गाव जळालं तरी वाचलेलं, त्याच्या मृत्यूनंतर ख्रिश्चन रिफॉर्म्ड गटात गेलं. २०१२ पासून ते दोन्हीशी संलग्न आहे. एवढ्याला सव्वाशे वर्षं लागली.

नेवाशाची_मार्था

मी नगर जिल्ह्यातली, घरात चार पिढ्या ख्रिस्ती. गीतांवरून फूट हे वाचून हसू आलं नाही, कारण आमच्याकडेही तबला-पेटीवरची भजनं की इंग्रजी चालीची गीतं, यावर मंडळीच्या सभेत आवाज चढलेले मी ऐकलेत. कुटुंबच का फुटतं, हे मात्र सांगते. या लोकांत बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे नुसतं नामकरण नाही. देवाचं वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे, असं ते धरतात. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप सगळ्यांसमोर होकार देतात, आणि मंडळीसुद्धा त्या लेकराला सांभाळायचा शब्द देते. मूल वाढतं, लग्न होतं, समोरच्या चर्चमध्ये नाव लावतं, तर मंडळीला तो शब्द मोडल्यासारखा वाटतो. आईला तर विचारूच नका. आजीच्या आईला काय वाटलं असेल ते मला कळतं. पटतं असं नाही.

हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचे बावन्न भाग असतात, वर्षाच्या रविवारांना पुरतील असे. त्यातला पहिलाच प्रश्न आहे, जगताना आणि मरताना तुझं समाधान काय? उत्तर असं की मी माझा स्वतःचा नाही. हे लहानपणी पाठ केलेल्या बाईला "तुझी तू ठरव" हे वाक्य सोपं जात नाही.

पेपरमिंटबद्दल: ते प्रवचन सुरू झालं की आजी पर्समधून काढून बाकावरच्या पोरांना देते. लांब प्रवचनाला दोन लागतात. तुमच्या हातावर ठेवलं म्हणजे तुम्ही बाकावरच्या झालात.

पेलाकर

आयोवातल्या पेलाची भर. तीही १८४७ चीच वस्ती, पाळक हेन्ड्रिक स्खोल्टे. पण स्खोल्टे आणि राल्टे यांचं पटत नसे. स्खोल्टेची बायको मारिया शहरी वळणाची. तिची उंची चिनी मातीची भांडी बैलगाडीतून येताना फुटली, तर तिने तुकडे अंगणात अंथरून पायवाट केली असं इथे सगळे सांगतात. नवऱ्याला नवं येरुशलेम हवं होतं, तिला धड ताटंसुद्धा मिळाली नाहीत. धर्मासाठी स्थलांतर म्हणतो तेव्हा बायकांना कोणी विचारलं होतं का, हा माझा प्रश्न.

भाषेचंही असंच. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंगने हुकूम काढला की शाळेत, फोनवर, रस्त्यात आणि चर्चमध्येही फक्त इंग्रजी. युद्ध जर्मनीशी होतं, झळ डच म्हाताऱ्यांनाही. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनी देवाशी घरी बोलावं, अशी सवलत होती.

उत्रेख्तची_सई

अवांतर: नेदरलँड्समध्ये राहते. इथल्या सहकाऱ्यांना मिशिगनच्या या रविवारांबद्दल सांगितलं तर ते आ वासतात. इथली कित्येक चर्चं आता घरं नाहीतर पुस्तकांची दुकानं झालीत. स्टापहोर्स्टसारख्या गावांत मात्र अजून तसाच रविवार सापडतो. आणि "एका उशीवर दोन श्रद्धा, मध्ये झोपतो सैतान" ही डच म्हण मला माझ्याच लग्नात नवऱ्याच्या आत्याने ऐकवली. मी सांगितलं, आमच्याकडे उशा दोन असतात.

विहीणबाई_नाशिककर

सगळ्यांचे आभार. सईला विशेष, मी ते वाक्य सूनबाईला वाचून दाखवलं.

मार्थाताई, आजीची बहीण अजून आहे, ग्रँड रॅपिड्सच्या वृद्धाश्रमात. दोघी आता रोज फोनवर बोलतात, म्हणे जेवण एकत्र नव्हतं ते आईच्या हयातीत. आई गेल्यावर कोणाला काही वाटेनासं झालं.

जुना_हॉलंडकर, नावं लावून बघितली. तिसरा यान जगला आणि त्याचीच नात ही आजी. पण एक "हेन्ड्रिक्ये" कुठेच बसत नाही. जन्म आहे, मृत्यू नाही, पुढे उल्लेखही नाही. आजीलाही ठाऊक नाही.

जुना_हॉलंडकर

लग्न करून समोर गेली असेल. :)

गंमत सोडा. ग्रँड रॅपिड्सला कॅल्विन विद्यापीठात "हेरिटेज हॉल" नावाचं अभिलेखागार आहे, जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्मा आणि सभासदत्वाच्या वह्या तिथे जपल्यात. दुसऱ्या मंडळीत जाताना दाखला घ्यावा लागे, त्यामुळे नोंद सापडायची शक्यता चांगली. जाताना बायबलच्या त्या पानाचा स्वच्छ फोटो आणि मंडळीचं नाव न्या. सूनबाईलाही सोबत घ्या, जुनं डच अक्षर एकट्याने लागत नाही. मंगळवारी मी मोकळा आहे, हवं तर तिथे भेटू.