वाडा म्हणजे नुसतं दगडी घर नव्हे
घरांचे प्रकार सांगताना वाड्याला कुणी नुसतं ‘दगडी घर’ म्हटलं, तर त्यात थोडी भर घालतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत काळा दगड मुख्यतः जोत्याला, म्हणजे भिंतींखालच्या चौथऱ्याला. गोदावरीचा मोठा पूर पार सराफ बाजारात शिरतो, तिथे उंच जोत्याचा आधार वाटतो. त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. माळ्याचा बराचसा भार तोच पेलतो. त्यामुळे पावसाळ्याआधी भिंतीच्या भेगांइतकीच खांबांची बुडं आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं तपासायला हवीत, ओल तिथे मुरते. अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा कृपया नको, तो ओल आत कोंडतो; चुनाच बरा. (नाशकातल्या पेशवेकालीन सरकारवाड्यातलं लाकूडकाम जरूर बघा.) मालक-भाडेकरूंच्या वादात ही डागडुजी कुणाचीच राहत नाही, याचं फार वाईट वाटतं.