मदत हवी आहे: हीटरचा पंखा फक्त ४ नंबरवर चालतो, १ ते ३ बंद

गाडीत हीटर-एसीचा पंखा चार स्पीडचा आहे, नॉब हाताने फिरवायचा, ऑटोमॅटिक नाही. १, २ आणि ३ एकदमच गेले. ४ वर हवा जोरात येते, फक्त बारीक कुरकुर ऐकू येते. फ्यूज काढून पाहिला, शाबूत आहे. गॅरेजमध्ये मोटर, स्विच आणि वायरिंग असं सगळंच बदलायला सांगितलं. दोष नेमका कुठे असेल? मल्टिमीटर आणि पाने घरी आहेत. काचेवरचं धुकं घालवायला सारखं ४ वरच ठेवावं लागतं आणि त्या आवाजात बोलणंही ऐकू येत नाही.

प्रतिसाद १

फ्यूज बघायची गरजच नव्हती. तो उडाला असता तर ४ सुद्धा चालला नसता. तुमचा ब्लोअर रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणाऱ्या कॉइलची पट्टी) गेलाय, त्यातही बहुतेक त्याच्यावरचा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की तुटणारा फ्यूज.

४ वर मोटरला बॅटरीचा पूर्ण दाब (व्होल्टेज) थेट मिळतो. ३ वर वाटेत रेझिस्टरची एक कॉइल येते, २ वर दोन, १ वर तिन्ही. थर्मल फ्यूज या सगळ्यांच्या सामाईक वाटेवर असतो, त्यामुळे तो तुटला की खालचे तिन्ही स्पीड एका झटक्यात जातात. नुसती कॉइल तुटली तर कुठली तुटली त्यावर ठरतं: शेवटची गेली तर फक्त १ बंद, मधली गेली तर १ आणि २. म्हणजे रेझिस्टरच्या दोषात स्पीड नेहमी खालून वर जातात. १ आणि ३ चालू पण २ बंद असेल तर कॉइलला दोष देऊ नका, स्विचचा तो पॉइंट किंवा त्या पिनची वायर बघा. उलट ४ च बंद आणि बाकी चालू असेल तर ४ चा रिले (मोठा करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच, असल्यास) नाहीतर नॉबचा स्विच.

प्रतिसाद २

काढायची पद्धत. रेझिस्टर ब्लोअरच्या हवेच्या नळीतच बसवलेला असतो, कारण त्याला थंड ठेवायला तीच हवा लागते. बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्स उतरवला की मोटरच्या आसपास दोन स्क्रूंवर बसलेली, तीन-चार किंवा जास्त वायरींचा कपलर असलेली छोटी पट्टी दिसते. इग्निशन बंद करून थोडा वेळ थांबा, पट्टी चांगली चटका देते. आजूबाजूला पिवळ्या आवरणाच्या वायरी असतील तर त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावू नका.

कपलरची खिट्टी दाबून कपलर ओढा, वायरीला धरून ओढू नका. मीटर २०० ओमवर ठेवून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. जो ०.२-०.३ दिसेल तो प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा, कारण इथे मोजायचाच मुळी साधारण ०.३ ते ३ ओम असतो. मग सामाईक पिनपासून एकेक पिन मोजा. आकडे पायरीपायरीने वाढत जायला हवेत. सगळीकडे ओएल (मीटरवर OL, म्हणजे वाट तुटलेली) आलं तर बहुतेक थर्मल फ्यूज तुटलाय.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: रेझिस्टर बाहेर लटकत ठेवून १ किंवा २ वर पंखा चालवून बघू नका. वारा नसला की कॉइल काही सेकंदांत लाल होते.

प्रतिसाद ३

वरचं सगळं बरोबर, पण नुसता रेझिस्टर बदलून ग्लव्ह बॉक्स लावून टाकला तर काही दिवसांनी हाच धागा परत वर येईल. थर्मल फ्यूज उगाच तुटत नाही. मोटर जास्त करंट ओढत असेल, रेझिस्टरवरून पुरेशी हवा जात नसेल (केबिन फिल्टर तुंबलेला, नळीत पालापाचोळा), किंवा वरून पाणी ठिबकत असेल. १.५ ओममधून ५ अँपिअर गेले तर ३७.५ वॅट उष्णता होते. करंट दुप्पट झाला तर ती चौपट. म्हणून जड झालेली मोटर आधी रेझिस्टर खाते, स्वतः नंतर मरते. तुमची कुरकुर मला त्यामुळेच खटकतेय.

४ वर करंट मोजा. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून मोजू नका, मीटरचा फ्यूज जाईल. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लागेल. फक्त एसी मोजणारा इथे चालणार नाही. आकडा गाडीगणिक बदलतो, पण सर्किटला ३० चा फ्यूज असताना मोटर सतत २५ च्या वर असेल तर ती ठीक नाही. इग्निशन बंद करून पंखा बोटाने फिरवूनही बघा, सोडल्यावर तो काही फेरे आपोआप घ्यायला हवा.

आणि थर्मल फ्यूजच्या जागी साधी वायर जोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भोवती सगळं प्लॅस्टिक आहे. नवा थर्मल फ्यूज डाग देऊन लावणंही अवघड, डागाच्या उष्णतेनेच तो उडतो. आख्खी पट्टी बदला.

धागाकर्ता

मोजलं. सामाईक पिनपासून सगळीकडे ओएल. कॉइल दिसायला चांगल्या. कपलरची एक पिन तपकिरी झालीय, भोवतीचं प्लॅस्टिक वितळलंय. करंट ४ वर २७. पंखा बोटाने फिरवला तर अर्ध्या फेऱ्यात थांबतो. फिल्टर काळा आहे, पण तुंबलेला वाटत नाही. स्विचही बदलू का?

प्रतिसाद ३

स्विच राहू द्या. नवा रेझिस्टर बसवल्यावर चारही स्पीड आले तर तो ठीक आहे. मोटर मात्र बदला, बुश (ज्यात मोटरचा दांडा फिरतो ते) घासलेत. तेल सोडून कुरकुर तात्पुरती थांबेल, करंट फारसा उतरणार नाही. पंख्यासकट मोटर घ्या. जुना पंखा ओढून काढताना चिरतो आणि मग थरथरतो.

प्रतिसाद २

वितळलेला कपलर नव्या रेझिस्टरवर अजिबात लावू नका. सैल पिनचा विरोध ०.१ ओम धरला तरी २० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच पडतात आणि ४० वॅट उष्णता होते. वायरीसकट तयार कपलर मिळतो. जुनी वायर कडक किंवा काळी झालेली असेल तिथपर्यंत कापा, आत तांबं चकचकीत दिसलं पाहिजे. जाड वायर निदान २.५ चौरस मिलिमीटरची हवी. जोड पिळून टेप गुंडाळू नका, क्रिम्प करून (धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबून) वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. सगळे जोड एकाच जागी न घेता मागेपुढे घ्या, नाहीतर जुडगा ग्लव्ह बॉक्समागे मावत नाही. वायरी एकेक करूनच कापा आणि जोडा. नव्या कपलरच्या वायरींचे रंग जुन्याशी जुळतीलच असं नाही, पिनची जागा बघून जोडा.

प्रतिसाद ४

ऑटोमॅटिक क्लायमेट असलेल्यांसाठी: तुमच्या गाडीत सहसा अशा कॉइल नसतात, ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं. ते गेलं की पंखा बंदच पडतो, किंवा सतत पूर्ण वेगाने फिरतो, कधीकधी चावी काढल्यावरही. ओमची वरची मोजणी तिथे लागू नाही.