गोल्डफिश आणि सिल्व्हर डॉलरला ताजी फळे द्यावीत का?

जलछंदी (सातारा):
नमस्कार. माझ्याकडे दोन टँक आहेत. एकात गोल्डफिश आहेत आणि दुसऱ्यात सिल्व्हर डॉलर व एक सकर (तळाशी राहून शेवाळ खरवडणारा मासा). आजवर मी त्यांना केवळ कोरडे दाणेदार खाद्य देत आलो. घरात फळे चिरली जातात तेव्हा त्यातील एखादी फोड माशांनाही द्यावी, असे मुलांना फार वाटते. कलिंगड, केळे, पपई, सफरचंद यांपैकी काय चालेल आणि द्राक्षे व संत्री टाळावीत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मत्स्यपाल (ठाणे):
मासा मूळचा कुठला आणि तिथे काय खातो, यावरून याचे उत्तर ठरते. सिल्व्हर डॉलर हा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा, मुख्यतः वनस्पती खाणारा मासा आहे आणि आपल्या बाजारात रूपचंद नावाने मिळणारा पाकू त्याचाच नातलग आहे. पावसाळ्यात ॲमेझॉनचे पाणी जंगलात शिरते, तेव्हा पाकू आणि त्याचा मोठा भाऊबंद तांबाकी झाडांवरून गळणारी फळे खातात. त्यांच्या पोटातून दूरवर गेलेल्या काही बिया पुढे रुजतातही. त्यामुळे सिल्व्हर डॉलरला सफरचंदाची किंवा पपईची पातळ फोड निःशंकपणे द्यावी. सकरला ती दिवे मालवल्यावर द्यावी, कारण तो रात्री चरतो. गोल्डफिशला मात्र जठरच नसते. अन्न साठवता येत नसल्याने त्याला बिया काढलेल्या कलिंगडाचा नखाएवढा तुकडा आठवड्यातून एकदा पुरेसा आहे. फायटरसारख्या किडे खाणाऱ्या माशांना फळ देण्यात अर्थ नाही.

पेरूवाला (पुणे):
यात एक भर घालतो. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही आणि उघड्या डब्यातील जुन्या खाद्यात ते झपाट्याने घटते. म्हणून मी बिया काढलेला पिकलेला पेरू देतो, कारण त्यात हे जीवनसत्त्व संत्र्यापेक्षाही कितीतरी अधिक असते.

मत्स्यपाल (ठाणे):
पेरू देण्यास माझी हरकत नाही. परंतु जीवनसत्त्वासाठी फळावर विसंबू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कोरड्या खाद्याचा लहान डबा घ्यावा, तो घट्ट बंद करून थंड जागी ठेवावा आणि काही महिन्यांत संपवावा, हा उपाय अधिक भरवशाचा आहे. फळात बहुतांश पाणी आणि साखर असते, प्रथिने नगण्य असतात. रोजच्या खाद्याची जागा ते घेऊ शकत नाही.

निळे पाणी (नागपूर):
माशांच्या पोटाइतकीच काळजी पाण्याची घ्यावी. पिकलेले केळे पाण्यात लगेच विरघळते, त्यातील साखरेवर जिवाणू वाढतात, ते प्राणवायू खर्च करतात आणि पाणी दुधाळ होते. २५ अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात टँकचे पाणी त्याहूनही तापते, म्हणून त्या दिवसांत मी फळ देतच नाही. एरवीही उरलेला तुकडा दोन तासांत काढून टाकावा. संत्री-मोसंबी आंबट असतात, ती वगळावीत. द्राक्षाच्या बागांत बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना, फवारले जाते आणि तांबे गोगलगायी व झिंग्यांना अत्यंत घातक असते; म्हणून द्राक्ष धुऊन, सोलून, अर्धे करूनच द्यावे.

जलछंदी (सातारा):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सफरचंदाची फोड पाण्यावर तरंगते आणि सकर तळाशी असतो, त्यासाठी काय करावे?

मत्स्यपाल (ठाणे):
ती स्टीलच्या काट्यात टोचून काट्यासह तळाशी ठेवावी. सकाळी दिवा लावण्यापूर्वी आठवणीने बाहेर काढावी. रात्रभरासाठी मात्र तुकडा अगदी लहान असावा आणि फिल्टर चालू असावा.