नेपाळात दोन महिने इंग्रजीच्या वर्गात मदतनीस म्हणून जायचं आहे, सल्ला हवा

खडूफळा:
जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता दोन महिने नेपाळातल्या एखाद्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकांच्या हाताखाली काम करायचा विचार आहे. पगार नको. राहण्या-जेवणाची सोय झाली तर बरं, नाही तर पैसे देईन. सुट्टीच्या दिवशी आसपास भटकायचं. ट्रेक नको, गुडघे ऐकत नाहीत. बजेट एकूण ४०,००० रुपये, जाण्यायेण्यासकट. डोक्यात पोखरा आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण तेव्हा डोंगर स्वच्छ दिसतात म्हणे. एजन्सीमार्फत जावं की थेट शाळेला लिहावं? कोणी हे केलंय का? आणि आधार कार्ड चालतं ना?

ठाणेकर_भटक्या:
नेपाळच का? आम्ही बालीला गेलो होतो, तिथे होमस्टेमध्ये एक डॅनिश मुलगी भेटली, ती असंच शिकवत होती आणि प्रचंड खूश होती. बजेट लाख-दीड लाख करा, मग मजा येईल. ४०,००० मध्ये हल्ली गोवासुद्धा होत नाही.

चहाबाज:
आधार चालतं. बिनधास्त जा.

काउंटर_नं_९:
अजिबात चालत नाही! मला विमानतळावरून घरी पाठवलं होतं, नॉन-रिफंडेबल तिकिटासकट. नेपाळला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. व्हिसा नको म्हणजे कागदच नकोत असं लोकांना वाटतं.

चहाबाज:
मी सुनौलीच्या सीमेवरून चालत गेलो, कोणी खिशात हातसुद्धा घालायला लावला नाही.

काउंटर_नं_९:
कोणी विचारलं नाही म्हणजे नियम बदलला असं होत नाही साहेब.

करिअर_मित्र:
छान निर्णय. पण सर्टिफिकेटशिवाय जाऊ नका. मी केंब्रिजचं सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) केलं, १२० तास आणि त्यात सहा तास प्रत्यक्ष वर्गात शिकवायचं, मागे बसून परीक्षक लिहून घेतो. घाम निघतो, पण सीव्हीवर वजन पडतं. पुढे व्हिएतनाम, थायलंड, सगळे दरवाजे उघडतील. आत्ता गुंतवणूक केलीत तर पुढची वीस वर्षं कामाला येईल.

ल्योंकर:
मी फ्रान्समध्ये इंग्रजीचा असिस्टंट होतो, भारतीयांनाही घेतात. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला फक्त १२ तास, वर मानधन. सुट्ट्या इतक्या की अर्धा युरोप रेल्वेने पालथा घातला. फुकट राबण्यापेक्षा हे बघा. फ्रेंच मात्र बऱ्यापैकी यायला हवं.

तिसरी_घंटा:
ल्योंकर, त्याला वयाची अट असते. धागाकर्त्या निवृत्त आहेत, पहिल्याच ओळीत लिहिलंय!

मी २०१९ मध्ये पोखऱ्याच्या बाहेर एका सरकारी शाळेत नेमकं हेच केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

ताई, ऑक्टोबर-नोव्हेंबर विसरा. आपला नवरात्र-दसरा तेव्हा त्यांचा दशैं, आपली दिवाळी तेव्हा तिहार. दशैंला शाळा साधारण पंधरवडाभर बंद, उघडून जरा घडी बसते तोवर तिहारची सुट्टी. डोंगर भरपूर दिसतील, पण शिकवायला मुलंच नसतील.

सुट्टीचंही नीट समजून घ्या. मी होते तेव्हा आठवड्याची सुट्टी फक्त शनिवारी. रविवारी दहाला प्रार्थनेला उभं राहायचं. मात्र शुक्रवारी शाळा लवकर सुटायची. शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ, एवढाच आमचा वीकेंड. त्यात सारंगकोट, बेगनास ताल आरामात होतं, बंदीपूरला एक मुक्काम होतो. घांद्रुकपर्यंत जीप जाते, पण अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना काढावा लागतो. भारतीयांना सार्कचा दर, तेव्हा १००० नेपाळी रुपये होता, बाकी परदेश्यांना ३०००.

वर्गातलं खरं दुखणं वेगळंच आहे. तुम्ही आत शिरलात की मूळ शिक्षक स्टाफरूममध्ये जाऊन बसतात. त्यांचं चुकतं असंही नाही, चार वर्ग एकटे ओढत असतात बिचारे. पण हेडसरांना पहिल्याच दिवशी सांगा, शिक्षक वर्गात असतील तरच मी शिकवीन. नाही तर तुमच्यामागे काही उरत नाही. आणि हिंदी बोलू नका. मुलांना सिनेमांमुळे हिंदी समजतं, ती तुम्हाला लगेच हिंदीवर ओढतात आणि मग इंग्रजीचा तास गप्पांचा होतो. मी पंधरा मिनिटं चित्र दाखवून नुसते प्रश्न विचारायचे: कोण आहे, काय करतोय, आता काय होईल. एकसुरात पाठ म्हणायची सवय असलेली मुलं सुरुवातीला गप्प बसतात. बसू द्या. शांततेला घाबरून उत्तर आपणच सांगून टाकू नये.

एजन्सी नकोच. मला सांगितलेल्या फीमधला शाळेला जाणारा वाटा विचारला तर त्यांनी फोन ठेवला.

सह्यकडा:
+१ तिसरी_घंटा. एजन्सी नको.

पावसाळी_ढग:
एजन्सी नको हे माझंही मत. शिवाय काही ठिकाणी 'नेटिव्ह स्पीकर' हवा म्हणतात, अर्थ एवढाच की ब्रोशरवर गोरा चेहरा हवा. माझं सगळं आयुष्य कॉन्व्हेंटमध्ये गेलं आणि मला विचारलं, तुमचे उच्चार चालतील का? ज्याने विचारलं त्याच्या ईमेलमध्ये तीन स्पेलिंग चुकली होती.

आधी_मेळघाट:
राग नसावा, पण मेळघाटात, पालघरमध्ये शाळांना माणसं मिळत नाहीत आणि आपण नेपाळला चाललो. सेवाच करायची तर घरापासून करा. बाकी हिमालय बघायचा असेल तर सरळ सहल काढा.

पावसाळी_ढग:
तुम्ही मेळघाटात किती वर्षं होता?

आधी_मेळघाट:
अवांतर प्रश्न.

एकटी_फिरस्ती:
मुलीने एकटीने दोन महिने? माझा अनुभव वाईट नाही, पण रात्रीच्या बस टाळा. आणि 'अनाथाश्रमात इंग्रजी शिकवा' अशा जाहिराती दिसल्या तर चार हात लांब राहा. तिथल्या कित्येक मुलांचे आईवडील हयात असतात, शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यातून आणलेली असतात आणि पाहुण्यांच्या देणग्यांवर सगळं चालतं. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफनेही यावर इशारा दिला होता. दर पंधरवड्याला नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते, त्या पोरांचं काय होत असेल? शाळाच निवडा.

आकडेमोड:
कोणीच बजेटवर बोलत नाहीये म्हणून. मुंबई-गोरखपूर कुशीनगर एक्सप्रेस, स्लीपर हजाराच्या आत. गोरखपूरहून सुनौलीला बस, सीमा पायी, पलीकडे भैरहवा. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, दर ठरलेला आहे, त्यामुळे कोणी १५० देत असेल तर पुढच्या दुकानात जा. शंभराच्या नोटा जवळ ठेवा, त्या सहज घेतात. मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण गावात त्यावर विसंबू नका. (हे नेपाळचं फोनपे, आपल्याकडचं वेगळं.) शिक्षकाच्या घरी खोली आणि दोन वेळचं डाळभात ठरवलंत तर ४०,००० पुरून उरतील. लेकसाइडला, म्हणजे पोखऱ्याच्या तळ्याकाठच्या पर्यटकी भागात राहिलात तर नाही.

ठाणेकर_भटक्या:
लेकसाइडला न राहता पोखरा करण्यात काय अर्थ आहे?

फौजी_अण्णा:
पोखऱ्यात आपल्या गोरखा पेन्शनरांचं पेन्शन ऑफिस आहे, तिथे माझी पोस्टिंग होती. पलटणीतली निम्मी मगर पोरं पाल्पा-स्यांग्जा जिल्ह्यांतली. पोखरा आता फार बाजारी झालं. भैरहव्याहून बुटवलवरून पोखऱ्याकडे निघालात की वाटेत पाल्पाचं तानसेन लागतं. लोक जेवायला थांबतात आणि पुढे जातात. उतारावरचं जुनं नेवारी गाव, ढाका कापड विणतात, खाली काली गंडकीच्या काठी राणीमहाल आहे, खड्ग शमशेर राणाने १८९० च्या दशकात बांधलेला. शनिवारी एक दिवस तो, दुसऱ्या शनिवारी लुंबिनी, अशोकाचा स्तंभ बघा. चुकौनी खायला विसरू नका, बटाटा आणि दह्याची. पण शिकवण्यासाठी कोणी तानसेनला जात नाही, तुम्ही पोखराच करा. तिहारनंतर जा, मंसिरमध्ये, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यानंतर. थंडी असते, पण आकाश काचेसारखं. हिवाळी सुट्टीची तेवढी चौकशी करा.

गणिताचा_तास:
तिहारनंतरच. शाळेकडून पत्र आलं तर तारीख नीट बघा, विक्रम संवतात असते, आपल्यापेक्षा साडेछप्पन-सत्तावन्न वर्षं पुढे. महिनेही आपल्या महिन्यांशी जुळत नाहीत, मी 'फाल्गुन'ला होकार कळवून मार्चभर घरी बसलो होतो.

खडूफळा:
सगळ्यांचे आभार. काही खुलासे.

मी ६७ वर्षांची आहे. करिअर झालं, पेन्शन सुरू आहे, वीस वर्षांच्या गुंतवणुकीची घाई नाही. आणि पासष्टच्या पुढच्यांना व पंधराच्या आतल्यांना नेपाळसाठी आधार चालतं, बाकीच्यांना नाही, असं शोधल्यावर कळलं. तरी मतदार ओळखपत्र घेऊन जाईन. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये काढून घेतली ती घेतलीच, त्याचं दुःख वेगळ्या धाग्यात.

आधी_मेळघाट, माझी निम्मी नोकरी डहाणू तालुक्यात गेली.

तिसरी_घंटा, तुमचं शिक्षक वर्गात असण्याचं म्हणणं मी जसंच्या तसं पत्रात घातलं. दोन शाळांनी त्यावर उत्तरच दिलं नाही. तिसरी शाळा तानसेनच्या बाहेरची. तिथल्या हेडबाईंनी लिहिलं की हवंच आहे, आमच्या दोघी शिक्षिकांना बोलायची भीती आहे, मुलांआधी त्यांच्याशी बोला. तिथे जातेय. बैशाखात, म्हणजे आपल्या एप्रिलच्या मध्यात, त्यांचं नवं वर्ष सुरू होतं तेव्हा.

सह्यकडा:
एप्रिल?? वणव्यांच्या धुराने तेव्हा समोरची टेकडी दिसत नाही, हिमालय सोडा!

गणिताचा_तास:
आणि सरकारी शाळांत सत्राच्या सुरुवातीला पुस्तकंच पोचलेली नसतात बऱ्याचदा.

खडूफळा:
पुस्तकं नसतील तर फारच सोयीचं. नवीन वर्गात पहिल्या पंधरवड्यात मुलांची तोंडं उघडली नाहीत तर ती वर्षभर मिटलेली राहतात, हे मी आयुष्यभर बघितलंय. डोंगर धुरात असतील तर राणीमहाल आहे. अण्णा, तिथपर्यंत जीप जाते का, की उतरून पुन्हा चढायचं?

फौजी_अण्णा:
काकू, पायवाटेने उतरायला गंमत वाटते, परतीची चढण जीव काढते. गाडीचा कच्चा रस्ता झालाय म्हणतात, पाऊस नसेल तर जीप जाते. हेडबाईंनाच विचारा. माझा एक सुभेदार तिथेच राहतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

तिसरी_घंटा:
जाताना चॉकलेटं नेऊ नका, चित्रांची पुस्तकं न्या. मोठी चित्रं, कमी मजकूर. आणि परत आल्यावर लिहा नक्की. वाखुसा (वाचनखूण साठवली).

उनाड_पोस्टमन:
मस्त धागा. ल्योंकर, त्या फ्रान्सच्या कार्यक्रमाला माझं वय बसतं, २४. फ्रेंच मात्र ॲपवर शिकलोय. चालेल का?

ल्योंकर:
ॲपवरचं नाही चालणार. व्यनि करा.