संत्रा रोपवाटिकेच्या संकेतस्थळासाठी चांगल्या बॅकलिंक: पत्र कोणाला आणि कसे लिहावे?

काटोलरोड (प्रश्न)

नमस्कार. आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका काटोल तालुक्यात आहे आणि तिचे मराठी संकेतस्थळ मी नागपुरातून सांभाळते. विक्रीच्या पानांखेरीज त्यावर माहितीची काही पाने आहेत: जंबेरी आणि रंगपूर लाइम या खुंटांतला (ज्यांवर संत्र्याचे कलम बांधतात त्या रोपांतला) फरक, कलम घेताना जोड कसा तपासावा, लागवड करताना तो जोड मातीच्या वर का ठेवावा, आणि दुहेरी आळे पद्धतीने पाणी दिल्यास बुंध्याशी पाणी न साचता डिंक्याचा (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाचा) उपद्रव कसा कमी होतो. हा सगळा मजकूर वडिलांना विचारून, आमच्याच बागेतील छायाचित्रे काढून लिहिलेला आहे. वाचणारे मात्र बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवले म्हणून येतात. गूगलवर शोधून येणारे फार थोडे.

एका एजन्सीने दरमहा ठरावीक रकमेत शेकडो बॅकलिंक, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आमच्या पानांकडे येणाऱ्या लिंका, देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. नमुन्याच्या यादीत कर्ज देणारी ॲप, परदेशी दागिने आणि ऑनलाइन पत्ते यांची पाने दिसली. त्यापेक्षा शेतीविषयी खरोखर लिहिणाऱ्या संकेतस्थळांना मी स्वतः एकेक पत्र लिहावे असे मनात आहे. अशी संकेतस्थळे शोधावीत कशी, पत्रात काय लिहावे, आणि मराठीत या पत्रांना उत्तरे येतात का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

धरमपेठ_वेब

ताई, तो प्रस्ताव नाकारावा. लिंकला किंमत मुळात का आली हे पाहिले म्हणजे कारण कळेल. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँकच्या, म्हणजे लिंकांवरून पानांचे वजन ठरवण्याच्या पद्धतीच्या, मुळाशी शोधनिबंधांतील संदर्भांची कल्पना होती: ज्या निबंधाचा इतर अभ्यासक आधार घेतात त्याचे वजन वाढते, आणि किती वाढते हे आधार घेणाऱ्याच्या वजनावर ठरते. पुढे लिंकांचा बाजारच भरला, तेव्हा गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणून विकतच्या आणि संगनमताच्या लिंकांवर उभी असलेली संकेतस्थळे खाली नेली. २०१६ पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचाच भाग आहे आणि अशा लिंका बहुतांशी दुर्लक्षित होतात. म्हणजे एजन्सीला दिलेले पैसे बहुधा वाया जातील, आणि प्रकार फार ढळढळीत असेल तर गूगलकडून मॅन्युअल ॲक्शनची (माणसाने तपासून केलेल्या कारवाईची) नोटीसही येऊ शकते.

त्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘डीए’ म्हणून एक आकडा असेल. डोमेन अथॉरिटी हे मॉझ कंपनीचे स्वतःचे माप आहे, जसे डोमेन रेटिंग हे एचरेफ्सचे. गूगल यांपैकी कोणतेही वापरत नाही. आपल्याला पाहायचे ते एवढेच, की त्या पानावरून एखादा बागायतदार आपल्या पानावर येण्याचा संभव आहे का.

आता शोधण्याविषयी. ‘संत्रा लागवड’, ‘आंबिया बहार व्यवस्थापन’, ‘संत्रा फळगळ’, ‘डिंक्या रोग उपाय’ असे शब्द गूगलवर टाका आणि पहिल्या पानावर न थांबता पुढची पानेही वाचत जा. ठिबक संचाच्या विक्रेत्यांचे ब्लॉग, शेतकरी उत्पादक कंपन्यांची पाने, कृषी पदवीधरांची वैयक्तिक संकेतस्थळे, वृत्तपत्रांच्या शेती पुरवण्या असे बरेच काही सापडेल. पुण्या-मुंबईकडच्या गच्चीवरील बागेविषयी लिहिणाऱ्यांनाही वगळू नका. ड्रममध्ये संत्रा येईल का, हा प्रश्न ती मंडळी हमखास विचारतात आणि त्याला रोपवाटिकेच्या अनुभवातून दिलेले उत्तर मराठीत फारसे आढळत नाही. (असे पान तुमच्याकडे नसेल तर पत्रे लिहिण्याआधी तेच लिहावे असे मी म्हणेन.) लेख वाचताना वाचक जिथे अडेल अशी जागा शोधायची. लागवडीच्या पुष्कळ लेखांत ‘खात्रीच्या रोपवाटिकेतून निरोगी कलमे आणावीत’ एवढे एकच वाक्य असते आणि लेखक खतांकडे वळतो. तुमचे पान त्या वाक्याच्या पुढे सुरू होते.

दुसरा मार्ग तुटलेल्या दुव्यांचा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे नाव पूर्वी राष्ट्रीय लिंबूवर्गीय संशोधन केंद्र असे होते. ज्या जुन्या लेखांत ते नाव आहे, तिथले दुवे अजून उघडतात का ते तपासा. उघडत नसतील तर मूळ मजकूर काय होता हे इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर बऱ्याचदा पाहता येते. मात्र अशा ठिकाणी संस्थेचा चालू पत्ताच कळवावा. संशोधन संस्थेच्या जागी आपले पान बसवण्याचा आग्रह धरला तर संपादकाला हेतू लगेच कळतो.

शेतीपान_संपादक

मी एका कृषीविषयक मराठी संकेतस्थळाचे संपादन पाहतो, म्हणून पत्र मिळणाऱ्याच्या बाजूने लिहितो. लिंक मागणारी पत्रे आमच्याकडे सतत येतात आणि त्यांतली बहुतेक सीताबर्डीत उभ्या दुचाकीच्या हँडलला अडकवलेल्या चिठ्ठीसारखी असतात: ज्याच्या हाती पडली त्याच्यासाठी ती लिहिलेली नसते. ‘आपले संकेतस्थळ अत्यंत माहितीपूर्ण आहे’ असा आरंभ दिसला की लेख वाचलेला नाही हे समजून मी पत्र पुढे वाचत नाही. इंग्रजीतून यंत्राने उतरवलेली पत्रे तर पहिल्या ओळीतच ओळखू येतात.

उत्तर देण्याजोगे पत्र मला वेगळ्याच कारणाने मिळते. कोणी आमच्या लेखातली उणीव दाखवतो, कोणी मात्रेतली चूक कळवतो, कोणी आमच्याकडे नसलेले छायाचित्र देऊ करतो. छायाचित्रांचे महत्त्व लोकांना फारसे कळलेले नाही. डिंक्या लागलेला बुंधा, बोर्डो मलम लावलेले खोड, जोड मातीत गाडला गेल्याने बिघडलेले झाड, यांची स्पष्ट आणि स्वतः काढलेली छायाचित्रे आम्हाला मिळत नाहीत. परवानगीसह ती देणाऱ्याला श्रेय देताना त्याच्या पानाची लिंक आम्ही आपण होऊन जोडतो.

वेळेचेही भान ठेवा. विदर्भात संत्र्याची लागवड पावसाळ्याच्या तोंडावर आणि सुरुवातीच्या पावसात होते, त्यामुळे लागवडीचे जुने लेख आम्ही मे महिन्यात पुन्हा उघडून दुरुस्त करतो. कलम निवडीविषयीचे पत्र एप्रिलच्या अखेरीस आले तर ते हातातल्या कामात येऊन पडते. तेच पत्र दिवाळीत आले तर चांगले असूनही बाजूला राहते.

काटोलरोड

दोघांचेही मनापासून आभार. पत्राचा मसुदा पुढे देत आहे, निःसंकोचपणे सुधारावा.

‘विषय: सहकार्याबाबत. आदरणीय संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. आपण शेतकऱ्यांसाठी मोलाचे कार्य करीत आहात. आमची काटोल तालुक्यात संत्रा रोपवाटिका असून आम्ही दर्जेदार कलमे रास्त दरात देतो. आपल्या संत्रा लागवडीच्या लेखात आमच्या संकेतस्थळाची लिंक “नागपूर संत्रा रोपवाटिका” या शब्दांवर द्यावी, ही नम्र विनंती. आम्हीही आमच्या संकेतस्थळावर आपली लिंक देऊ.’

शेतीपान_संपादक

भाषा सभ्य आहे, पण हे पत्र एखाद्या खतविक्रेत्यालाही जसेच्या तसे पाठवता येईल. ‘सहकार्याबाबत’ या विषयावरून मला काहीच कळत नाही. ‘रास्त दरात’ या शब्दांनी ती जाहिरात ठरते, आणि जाहिरात म्हटली की आमच्याकडे ते पत्र दुसऱ्या विभागाकडे जाते. लिंक कोणत्या शब्दांवर द्यावी हे लेखकाने ठरवायचे असते. ते तुम्ही सांगितलेत की मागणीमागचे गणित उघडे पडते. बदल्यात लिंक देण्याचे वाक्य तर काढूनच टाका. एकमेकांच्या कामाचा सहज उल्लेख होणे वेगळे आणि ठरवून केलेली देवाणघेवाण वेगळी, आणि अशी देवाणघेवाण अती झाल्यास ती गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात बसते. मी असे लिहिले असते:

‘विषय: आपल्या संत्रा लागवडीच्या लेखातील कलम निवडीचा परिच्छेद. नमस्कार. आपल्या लेखात निरोगी कलमे घ्यावीत असे म्हटले आहे. ती ओळखावीत कशी, हे मात्र तिथे आलेले नाही. माझे वडील काटोल तालुक्यात रोपवाटिका चालवतात. कलमाचा जोड, मुळांची स्थिती आणि खुंटावर येणारी फूट कशी तपासावी, हे आम्ही छायाचित्रांसह पुढील पानावर लिहिले आहे. वाचकांना उपयोग होईल असे वाटल्यास त्याचा उल्लेख करावा. छायाचित्रे लेखात थेट घ्यायची असतील तर श्रेय देऊन वापरण्यास आमची हरकत नाही. मोठ्या आकारातील प्रती पाठवते. याच लेखातील संशोधन संस्थेचा दुवा सध्या उघडत नाही, चालू पत्ता खाली देत आहे.’

खाली पूर्ण नाव, गाव आणि रोपवाटिकेचा दूरध्वनी असावा. ज्या पानाचा पत्ता द्याल त्या पानावर ‘आजच बुकिंग करा’ अशी पट्टी झळकत असेल तर ती आधी काढा. रोपवाटिका कोणाची हे लपवायचे मुळीच नाही, पण वाचकाला माहितीसाठी पाठवायचे आणि तिथे त्याने दुकानात शिरायचे, हे आम्हाला परवडत नाही.

वर्धारोडकर

वरील सल्ल्याशी मी बराचसा सहमत आहे, पण मराठीतल्या परिस्थितीविषयी एक वेगळे मत मांडतो. आपल्याकडच्या लहान संकेतस्थळांचा ईमेल पत्ता पुष्कळदा कोणी उघडतच नाही. ठिबकचा विक्रेता किंवा शेतकरी कंपनीचा संचालक दुकानात भेटेल, फोनवर बोलेल. ईमेलला उत्तर देण्याची त्याला सवय नसते. अशांना संकेतस्थळावर जाहीर केलेल्या क्रमांकावर, कामाच्या वेळेत, एकदा फोन करावा आणि त्यांनी सांगितल्यावरच पानाचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. तुमच्या बाबतीत हे आणखी सोपे आहे, कारण तुमच्याकडून कलमे नेणारे आणि ज्यांच्याकडून तुम्ही साहित्य घेता ते व्यापारी आधीपासून ओळखीचे आहेत. त्यांच्यापैकी कोणाची संकेतस्थळे आहेत, याची चौकशी अनोळखी संपादकांना लिहिण्याआधी करावी. खासगी क्रमांक कुठून तरी मिळवून संदेश टाकणे मात्र टाळावे.

शासकीय आणि संशोधन संस्थांकडून खासगी रोपवाटिकेला लिंक मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. ती त्यांनी सहसा देऊही नये. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील लिंका अनेकदा नोफॉलो असतात, म्हणजे ही लिंक वजनात धरू नये अशी खूण गूगलसाठी त्यांना लावलेली असते, म्हणून काही जण त्या कमी लेखतात. ते मला पटत नाही. नोफॉलो ही खूण २००५ मध्ये आली. २०१९ मध्ये गूगलने ती सक्तीचा आदेश न मानता सूचना मानण्याचे जाहीर केले आणि त्याच वेळी प्रायोजित लिंकांसाठी तसेच वाचकांच्या मजकुरातील लिंकांसाठी वेगळ्या खुणा दिल्या. शिवाय वृत्तपत्रात वाचून येणारा बागायतदार ती खूण बघत बसत नाही. कोणी लिंकसाठी पैसे मागितले, तर ती जाहिरात समजून घ्यावी किंवा सोडून द्यावी. घेतल्यास तिथे प्रायोजित अशी खूण असलीच पाहिजे.

उत्तर आले नाही तर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदाच, त्याच पत्राच्या धाग्यात, दोन ओळींची आठवण द्यावी. त्यानंतर थांबावे. नागपूर मोठे दिसत असले तरी शेतीविषयी लिहिणाऱ्यांचे वर्तुळ लहान आहे, आणि मागे लागणाऱ्याचे नाव त्यात लवकर पसरते.

काटोलरोड

फोनविषयी आपण म्हणता ते आमच्याकडे लागू पडेल. आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पत्रे माझ्या जीमेलवरून पाठवावीत की संकेतस्थळाच्या नावाच्या पत्त्यावरून? आणि काही उपयोग झाला की नाही, हे कशावरून कळते?

धरमपेठ_वेब

संकेतस्थळाच्या नावाच्या पत्त्यावरून पाठवा, म्हणजे पत्र कुठून आले याची खातरजमा संपादकाला करता येईल. त्यासाठी डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी (पत्र खरोखर त्या डोमेनवरूनच आले हे पटवणाऱ्या) बरोबर आहेत ना, हे होस्टिंग देणाऱ्याकडून आधी तपासून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला यांपैकी निदान एक नोंद बंधनकारक आहे. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्कही (ही तपासणी फसल्यास पत्राचे काय करावे हे सांगणारी नोंद) लागते. तुमचा त्या दुसऱ्या गटाशी संबंध नाही, पण नव्या डोमेनवरून एकाच दिवशी एकसारखी बरीच पत्रे गेली तर तीही स्पॅममध्ये पडू शकतात. एका बैठकीत थोडीच लिहा; लेख वाचून लिहायचे म्हटले तर त्याहून जास्त होणारही नाहीत.

उपयोग पाहण्यासाठी गूगल सर्च कन्सोल विनामूल्य आहे. त्यातील लिंकांच्या अहवालात कोणत्या संकेतस्थळांनी आपल्या कोणत्या पानाला लिंक दिली याचा नमुना दिसतो. तो पूर्ण नसतो आणि उशिरा ताजा होतो, म्हणून पत्र कोणाला, कोणत्या लेखाविषयी आणि केव्हा गेले याची साधी तक्त्यातली नोंद स्वतः ठेवा. परफॉर्मन्सच्या अहवालात माहितीची पाने वेगळी काढून कोणत्या शब्दांवर ती दिसू लागली हे पाहा. लिंक मिळाली म्हणून पुढच्या आठवड्यात फरक दिसेल असे नाही. तुमच्या पानांचा खरा हंगाम जून-जुलैचा आहे, तेव्हा आकड्यांची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करावी लागेल.

आणि एक काम पहिले पत्र जाण्याआधीचे: संकेतस्थळाची नवी रचना करण्याचा विचार असेल तर ती आताच उरकून घ्या. लिंक मिळाल्यानंतर पानाचा पत्ता बदलायची वेळ आलीच, तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय) लावा, नाहीतर संपादकाच्या लेखात पुन्हा एक न उघडणारा दुवा तयार होईल.